अर्ध्या तासात मान टाकणारा ट्रॅक्टर: जुन्या आयात ट्रॅक्टरांतील इंधनपुरवठ्याचा परतपरत होणारा बिघाड

ट्रॅक्टर सकाळी एका चावीत सुरू होतो. वीस-पंचवीस मिनिटे रोटाव्हेटर व्यवस्थित चालतो, मग इंजिनाचा आवाज खालीवर होऊ लागतो, ओढ कमी होते आणि क्लच दाबेपर्यंत इंजिन बंद पडते. दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा चावी फिरवली की काही झालेच नसावे तसा तो सुरू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच घडते. डिझेल फिल्टर बदलला, नळ्यांत अडकलेली हवा काढली, की काही आठवडे सुखाने जातात. त्यानंतर एखाद्या दिवशी, बहुधा टाकी अर्ध्यावर आलेली असताना, तोच प्रकार पहिल्यापासून सुरू होतो.

जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी तयार झालेल्या आणि पुढे कंपनीच्या अधिकृत वितरकांना वगळून, स्वतंत्र व्यापाऱ्यांमार्फत इतर देशांत गेलेल्या जुन्या लहान ट्रॅक्टरांच्या मालकांना हा बिघाड चांगलाच परिचयाचा आहे. यानमार, कुबोटा, इसेकी, मित्सुबिशी, शिबाउरा, हिनोमोटो यांच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतील या यंत्रांना ग्रे मार्केट ट्रॅक्टर म्हणतात. त्यांची इंजिने मुळात अत्यंत टिकाऊ आहेत. म्हणूनच अशा ट्रॅक्टरचे इंजिन संपले, पंप गेला, आता तो भंगारात काढावा, असा निष्कर्ष कोणी घाईने काढला की मला वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या हातभर मार्गात असतो.

हा बिघाड परतपरत का येतो, हे आधी समजून घ्यावे. या ट्रॅक्टरांपैकी अनेकांत डिझेल ढकलणारा फीड पंप नसतो. टाकी इंजिनापेक्षा उंच असते आणि डिझेल केवळ स्वतःच्या वजनाने कॉक (डिझेल चालू-बंद करण्याची मूठ), पाणी आणि गाळ साचणारी वाटी, फिल्टर आणि नळी यांतून, इंजिनात दाबाने डिझेल सोडणाऱ्या इंजेक्शन पंपापर्यंत उतरते. टाकीतील डिझेलची पातळी पंपापेक्षा ४० सेंटिमीटर वर असेल, तर पंपाच्या तोंडाशी मिळणारा दाब सुमारे ०.०३ बार, म्हणजे जवळजवळ नगण्य असतो. रुग्णाला लावलेल्या सलाइनच्या बाटलीसारखीच ही रचना आहे: बाटली किती उंच आहे आणि बाटलीत हवा शिरायला वाट आहे की नाही, यावरच धार ठरते. टाकी रिकामी होत जाते तशी ही उंची घटते, आणि भरलेल्या टाकीवर जो अडथळा जाणवत नव्हता तोच अर्ध्या टाकीवर इंजिन बंद पाडतो.

माझ्या मते या बिघाडात दोष एकटा नसतो. वाटेत कोठेतरी अडथळा असतो आणि त्या अडथळ्याच्या पुढे, पंपाच्या बाजूला, कोठेतरी बारीक फट असते. इंजिन बंद असताना त्या फटीतून डिझेल बाहेर पाझरते, तेही इतके थोडे की थेंब पडत नाही, फक्त जोडाभोवती धूळ चिकटून काळा ओलसर थर बसतो. इंजिन लोडवर चालू लागले की पंप जास्त डिझेल मागतो, मागच्या अडथळ्यामुळे तेवढे येत नाही, मधल्या नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. फिल्टर बदलला की अडथळा कमी होतो, त्यामुळे फट असूनही हवा ओढली जात नाही आणि दुरुस्ती झाली असे वाटते. नवा फिल्टर थोडा भरला की फट पुन्हा आपले काम करू लागते. केवळ अडथळा काढला किंवा केवळ फट बुजवली तर बिघाड लांबतो, मिटत नाही.

मार्गाला हात घालण्यापूर्वी दोष खरोखरच इंधनाचा आहे याची खात्री करून घ्यावी, आणि त्यासाठी इंजिन बंद पडतानाचा धूर पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. डिझेल कमी पडत असेल तर धूर कमी होत जातो आणि इंजिन हळूहळू विझते. दाट काळा धूर सोडत इंजिन दबत असेल, तर हवेचा फिल्टर, जास्त लोड किंवा सिलिंडरात डिझेल फवारणारे नोजल यांकडे पाहावे. इंजिन तापून ओढ कमी होत असेल तर रेडिएटरची जाळी आणि पाण्याची पातळी तपासावी. यानमारच्या वायएम२००० सारख्या काही लहान इंजिनांत पाण्याचा पंपच नसतो, गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली या नैसर्गिक फेऱ्यावर ती थंड राहतात, त्यामुळे पाणी थोडे जरी कमी झाले तरी फेरा तुटतो. इंजिन विझण्याऐवजी दिवा मालवावा तसे एका क्षणात बंद पडत असेल, तर डिझेल तोडणारा विजेवरचा सोलेनॉइड, सीटखालचा सुरक्षा स्विच किंवा त्यांच्या तारा यांचा संशय घ्यावा. काही सोलेनॉइड तापल्यावरच सुटतात, म्हणून बंद पडल्या पडल्या त्याच्या टोकांवर १२ व्होल्टचा पुरवठा येतो आहे की नाही हे लगेच मोजावे, थंड झाल्यावर मोजून उपयोग नाही.

धुराने इंधनाकडे बोट दाखवले, तर माझा सल्ला असा की सर्वांत आधी बाहेरची टाकी लावून पाहावी. एका स्वच्छ डब्यात चाळलेले डिझेल घ्यावे, डब्याच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असावे, आणि तो ट्रॅक्टरच्या टाकीच्याच उंचीवर भक्कम बांधावा. त्याच्यापासून नवी नळी आणि एक नवा फिल्टर घेऊन ती थेट इंजेक्शन पंपाच्या तोंडाला जोडावी. एक्झॉस्टपासून नळी दूर ठेवावी. मग हवा काढून सपाट जमिनीवर नेहमीच्या लोडवर तासभर काम करावे. जुन्या आयात ट्रॅक्टरांवर उलटण्यापासून वाचवणारी चौकट बहुधा नसते, म्हणून ही चाचणी उतारावर कधीही करू नये. बिघाड दिसला नाही, तर पंप आणि नोजल निर्दोष आहेत आणि दोष टाकी ते पंप या भागातच आहे, हे एका चाचणीत सिद्ध होते. बिघाड तसाच राहिला, तर वाटी आणि नळ्या उघडत बसण्यात अर्थ नाही. पंप उघडण्याच्या खर्चिक निर्णयाआधी ही चाचणी न करणे मला पटत नाही.

दोष टाकी ते पंप या भागात असल्याचे ठरले की धार मोजावी. पंपाच्या तोंडाशी नळी सोडून तिचे टोक पंपाच्याच उंचीवर ठेवावे आणि एका बाटलीत डिझेल पडू द्यावे. सुमारे १५ किलोवॉट, म्हणजे २० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण लोडवर ताशी साधारण साडेचार ते पाच लिटर डिझेल घेते, म्हणजे मिनिटाला सुमारे ८० मिलिलिटर. पंपाला याच्या कित्येक पट पुरवठा सहज मिळायला हवा. अर्धा लिटर बाटली भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर मी तो मार्ग चोंदलेला समजतो. ही चाचणी टाकी पाव भरलेली असताना करावी आणि धार निदान दहा मिनिटे चालू ठेवावी, कारण टाकीतील गंजाचा पापुद्रा पहिल्या मिनिटात तोंडावर येत नाही. तो प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत येतो, निर्गमाच्या भोकावर बसतो, आणि इंजिन बंद पडून प्रवाह थांबला की पुन्हा खाली निसटतो. विश्रांतीनंतर ट्रॅक्टर आपोआप सुरू होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. धार सुरुवातीला चांगली असून मध्येच बारीक होते, हे या चाचणीत डोळ्यांनी दिसते.

धार बारीक झाली की त्याच क्षणी टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा फुस्स असा आवाज आला आणि धार पूर्ववत झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे, किंवा मूळ झाकण हरवून त्याजागी छिद्र नसलेले दुसऱ्या यंत्राचे झाकण बसवले आहे. काम पाच मिनिटांचे आहे. मात्र यावर समाधान मानून पुढची तपासणी सोडू नये.

झाकण निर्दोष असेल तर अडथळ्याचा शोध टाकीच्या तळाकडून सुरू करावा. जहाजात चढवण्यापूर्वी अशा ट्रॅक्टरांची टाकी सहसा रिकामी केली जाते, आणि रिकामी पत्र्याची टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली की आतून गंजते. त्यातच हवेतील ओलाव्याचे पाणी तळाशी साचते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत थर तयार होतो. वाटीच्या तळाशी हा थर दिसला तर टाकी उतरवून आतून धुण्याला पर्याय नाही. टाकीत थोडी साखळी किंवा बारीक खडी टाकून, साफ डिझेल घालून ती हलवावी, गाळ निघेपर्यंत हे परत करावे आणि टाकी पूर्ण वाळवूनच बसवावी. टाकीला आतून लेप लावण्याचे उपाय सुचवले जातात, पण नीट साफ न झालेल्या पत्र्यावरचा लेप पुढे सोलून निघतो आणि त्याचे तुकडे गंजापेक्षा मोठी अडचण करतात, म्हणून मी ते टाळतो.

कॉकच्या बाबतीत एक विशेष गोष्ट आहे. त्यावरच्या खुणा जपानी असतात, त्यामुळे मूठ पूर्ण उघडी आहे की अर्धी, हे अनेक मालकांना खात्रीने ठाऊक नसते. मूठ हळूहळू फिरवत धार कोठे सर्वाधिक येते ते पाहावे आणि तेथे रंगाने खूण करून ठेवावी. कुबोटाच्या अनेक इंजिनांवर इंजेक्शन पंपाला हवा काढण्यासाठी वेगळा छोटा कॉक असतो. हवा काढण्याची वेळ सोडून तो बंदच ठेवावा, नाहीतर इंजिन बंद पडू शकते, अशी सूचना कुबोटाच्या चालक-पुस्तिकांत दिलेली असते. पुस्तिका नसलेल्या ट्रॅक्टरवर हा कॉक वर्षानुवर्षे उघडा राहतो.

आधीच्या मालकाने भल्या हेतूने नळीत बसवलेला जादा फिल्टरही शोधून काढावा. पेट्रोल मोटारींसाठी मिळणारे छोटे प्लॅस्टिकचे फिल्टर पंपाच्या दाबावर चालण्यासाठी बनवलेले असतात. वजनाने उतरणाऱ्या डिझेलच्या मार्गात तसा कागदी फिल्टर बसवला की तो नवा असतानाच निम्मी धार खातो, आणि कागद पाण्याने फुगला की उरलेलीही थांबते. मूळ फिल्टर योग्य असेल तर जादा फिल्टर काढून टाकावा. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठूनही फिल्टर असाच चोंदतो, तेव्हा दोष फक्त थंडीच्या दिवसांत दिसतो का, हेही लक्षात घ्यावे.

इथवरचे काम बहुतेक जण करतात. मालक आणि कारागीर दोघेही फटीच्या शोधात कमी पडतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

पंपाच्या तोंडाआधी तात्पुरती पारदर्शक नळी लावून इंजिन लोडवर चालवावे आणि तिच्याकडे टक लावून पाहावे. निरोगी ट्रॅक्टरच्या नळीतील डिझेल स्थिर दिसते, नळी रिकामी असावी इतके. फट असलेल्या ट्रॅक्टरमध्ये आधी मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून सरकतात, पुढे ते नळीच्या वरच्या बाजूला एकत्र येऊन लांबट पोकळी तयार होते, आणि ती पोकळी पंपात शिरली की काही सेकंदांत इंजिनाचा आवाज बदलतो. हवा कोठून येते हे शोधण्यासाठी हीच नळी मागे सरकवत न्यावी: पंपाआधी बुडबुडे आहेत पण फिल्टरआधी नाहीत, तर फट फिल्टरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या जोडात आहे. अशी साधी पारदर्शक नळी डिझेलने लवकर कडक होते, म्हणून तपासणी संपताच ती काढावी.

फट सर्वाधिक वेळा सापडते ती वाटीच्या ओरिंगमध्ये, म्हणजे जोड बंद करणाऱ्या गोल रबरी कडीत, आणि ती ओरिंग नवीन असली तरीही. जपानी यंत्रांतील ओरिंगा जपानी औद्योगिक मानकाच्या मापांत असतात. त्यांच्या पी मालिकेत लहान ओरिंगांची जाडी १.९ मिलिमीटर, त्यापुढच्या गटाची २.४ आणि त्यापुढची ३.५ मिलिमीटर असते, तर जी मालिकेतील बऱ्याच ओरिंगांची ३.१ मिलिमीटर. याउलट इंची मापाच्या तयार संचांत १.७८, २.६२ आणि ३.५३ मिलिमीटर जाडीच्या ओरिंगा असतात. व्यास जवळपास जुळतो, हाताला फरक कळत नाही, पण १.९ च्या खोबणीत १.७८ ची ओरिंग पुरेशी दाबली जात नाही, आणि २.४ च्या खोबणीत २.६२ ची ओरिंग बळेच बसवली तर ती कडेने चिमटली जाऊन कापली जाते. माप घेताना जुन्या ओरिंगचे घेऊ नये, कारण ती डिझेलने फुगलेली आणि दाबून चपटी झालेली असते. खोबणीची खोली आणि व्यास व्हर्नियरने मोजून त्यावरून ओरिंग मागवावी. जुन्या नायट्राइल रबरावर आजच्या डिझेलचाही परिणाम होतो. गंधक काढताना डिझेलमधील सुगंधी हायड्रोकार्बनांचे प्रमाणही घटते आणि पूर्वीच्या डिझेलात फुगून बसलेले जुने रबर आकसते, तर बायोडिझेलचे प्रमाण जास्त असेल तर ते मऊ पडते. एफकेएम रबराच्या ओरिंगा थोड्या महाग असल्या तरी दोन्ही प्रकारच्या डिझेलात टिकतात, म्हणून मी त्याच घ्याव्यात असे सांगेन.

वाटीची रिंग हातानेच आवळावी. पकडीने आवळल्यास प्लॅस्टिकची वाटी तडकते किंवा वरचा ॲल्युमिनियमचा भाग वाकतो, आणि मग कोणतीही ओरिंग बसवली तरी फट राहते. वरच्या भागाची बैठक काचेच्या तुकड्यावर ठेवून सपाट आहे का पाहावे.

पुढचा संशय नळ्यांचा. ६ मिलिमीटरच्या जपानी तोटीवर पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची नळी सहज चढते, आणि ती सहज चढते हाच दोष आहे. ८ मिलिमीटरच्या तोटीवर पाच-सोळांश इंची नळी मात्र चालते, कारण तो फरक नगण्य आहे. स्क्रूने आवळायची पट्टीची क्लिप एवढ्या लहान नळीवर गोल बसत नाही, ती अंडाकार होते आणि स्क्रूच्या खाली बारीक पोकळी राहते. स्प्रिंगची किंवा लहान नळ्यांसाठीची कडेने आवळणारी क्लिप वापरावी. बाहेरून ठणठणीत दिसणारी जुनी नळी आतून सोललेली असू शकते, आणि तो सोललेला पापुद्रा झडपेसारखा प्रवाहात आडवा येतो. नळी कापून आत पाहिल्याशिवाय हे कळत नाही. सर्व नळ्या एकदमच बदलणे यासाठी मी योग्य मानतो.

नळीचा कडीसारखा जोड आवळणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या जोडाच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात. नवे मिळत नसतील तर जुने लालबुंद तापवून थंड करावेत, त्याने ते पुन्हा मऊ होतात, मग बारीक पॉलिश कागदावर सपाट घासून बसवावेत. बोल्टचे आटेही पाहावेत. जपानी यंत्रांत १० मिलिमीटरच्या बोल्टच्या दोन आट्यांमधील अंतर अनेकदा १.२५ मिलिमीटर असते, तर इतरत्र सहज मिळणाऱ्या बोल्टचे १.५ मिलिमीटर असते. कोणी तो जबरदस्तीने घुसवला असेल तर दोन फेऱ्यांनंतर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण वॉशर दाबला गेलेलाच नसतो. हवा काढायच्या स्क्रूचीही तीच गत होते. जपानी चौफुली स्क्रूची खाच साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरला नीट जुळत नाही, त्यामुळे खाच झिजते आणि स्क्रू अर्धवट आवळलेलाच राहतो. जपानी मानकाचा स्क्रूड्रायव्हर एकदा घेतला की या ट्रॅक्टरवर तो रोज उपयोगी पडतो.

अशा जवळपास बसणाऱ्या भागांचे प्रमाण या ट्रॅक्टरांत इतके जास्त का, याला इतिहास आहे. कंपन्यांनी ही मॉडेले इतर देशांत विकलीच नव्हती, म्हणून तेथील वितरकांकडे त्यांच्या सुट्या भागांच्या याद्या नव्हत्या. अमेरिकेत कुबोटाने या आयातीविरुद्ध दाद मागितली तेव्हा तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने १९९७ मध्ये अशा ट्रॅक्टरांच्या आयातीला मनाई केली आणि १९९९ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. जपानी भाषेतील सूचनापट्ट्या आणि सुटे भाग व सेवा यांची अनुपलब्धता हे त्या प्रकरणातील महत्त्वाचे मुद्दे होते. कायदा काहीही असो, मालकाच्या हाती राहिला तो हाताशी येईल तो भाग बसवून निभावण्याचा मार्ग. यावर उपाय म्हणजे आपल्या मॉडेलचे निर्यातीसाठीचे भावंड शोधणे. उदाहरणार्थ यानमारच्या वायएम२००० चे निर्यातीचे रूप वायएम२४० आहे, आणि त्याच्या पुस्तिका व भागांच्या याद्या इंग्रजीत मिळतात. भाग मागवताना ट्रॅक्टरच्या नावापेक्षा इंजिनावरच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक सांगावा, कारण एकच इंजिन अनेक ट्रॅक्टरांत वापरलेले असते. पट्टीचे स्वच्छ छायाचित्र काढून जपून ठेवावे.

अडथळा आणि फट दोन्ही दूर केल्यावर हवा काढण्याचे काम क्रमाने करावे. टाकी पूर्ण भरावी, म्हणजे मिळेल तेवढी उंची मिळते. कॉक उघडून आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा. सुरुवातीला पांढुरका फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार, आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर पंपावरचा स्क्रू, त्याच पद्धतीने. शेवटी नोजलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांचे नट एक फेरी सैल करावेत, डिकम्प्रेशनची (इंजिन हलके फिरावे म्हणून सिलिंडरातील दाब सोडणारी) मूठ असेल तर ती ओढून धरावी आणि स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त न चालवता, मध्ये विश्रांती देत, नटांपाशी डिझेल उसळेपर्यंत फिरवावा. या नळ्यांतील दाब शंभराहून अधिक बार असतो. त्या धारेपुढे बोट कधीही धरू नये, गळती पाहायची असेल तर पुठ्ठा धरावा. अशी धार त्वचेत शिरली तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते आणि रुग्णालयात जाताना आत डिझेल शिरले आहे हे स्पष्ट सांगावे लागते.

खात्रीसाठी ट्रॅक्टर कॉक उघडा ठेवून रात्रभर उभा करावा आणि प्रत्येक जोडाखाली कोरा कागद बांधावा. सकाळी कागदावर तेलकट डाग दिसला तर तेथे फट शिल्लक आहे. त्यानंतर टाकी मुद्दाम पावपर्यंत उतरू देऊन लोडवर काम करावे. भरलेल्या टाकीवर उत्तीर्ण झालेला ट्रॅक्टर मी दुरुस्त झाला असे मानत नाही.

आता बाहेरच्या डब्यावरही जो ट्रॅक्टर बंद पडला होता त्याविषयी. तो गरम असताना अजिबात सुरू होत नाही पण पूर्ण थंड झाल्यावर होतो, अशी लक्षणे असतील तर पंपातील दट्टे झिजलेले असण्याची शक्यता आहे, कारण गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या जागेतून मागे निसटते. याची परीक्षा म्हणून तापलेल्या पंपावर थंड पाणी ओतण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती धोकादायक आहे, बाहेरचे कवच आत आकसून दट्टा अडकू शकतो. पंप काढायचाच झाला तर तो आणि नोजल एकत्रच डिझेल पंपाच्या कारागिराकडे द्यावेत. काढण्यापूर्वी गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, दांडी पंपाच्या रॅकमध्ये (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीत) कोठे अडकली आहे ते नीट पाहून घ्यावे, नाहीतर बसवताना ती चुकते आणि इंजिन सुरू होताच वेग आवरत नाही. यानमार आणि कुबोटाच्या अशा अनेक इंजिनांत पंपाच्या बैठकीखाली पातळ पत्र्यांच्या चकत्या असतात आणि इंजेक्शनची वेळ त्यांच्या जाडीवर ठरते. त्या किती आहेत आणि प्रत्येकीची जाडी किती, हे लिहून, त्या तारेत ओवून पंपालाच बांधून ठेवाव्यात.